मायलोचं ‘फाइन’
आर्डिस टॉलेफसनने आयुष्यभर दोनच गोष्टींचा अभ्यास केला. काय वाढलं तर शाळेतली मुलं ताटात टाकत नाहीत, ही एक. आणि नवरा ‘फाइन’ म्हणाला की त्याला नेमकं काय म्हणायचं असतं, ही दुसरी. शाळेच्या स्वयंपाकघरातून ती निवृत्त झाली. दुसऱ्या कामाला सुट्टी नव्हती.

आमच्या मिनेसोटात हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो. कोशात फाइन म्हणजे उत्तम, बारीक, तलम, निरभ्र, शिवाय दंडसुद्धा. तिच्या नवऱ्याच्या, मायलोच्या तोंडी त्याचे अर्थ निराळे. झटकन म्हटलेलं फाइन म्हणजे खरोखर ठीक. लांबवलेलं असेल तर पुढे विचारू नकोस. टोपी कपाळावर ओढून म्हटलं, तर भांडण अजून संपलेलं नाही. त्या शब्दाचं सगळं गोत तिला पाठ होतं. ‘वाईट नाही’ ही मायलोची सर्वांत मोठी स्तुती. लग्नात तिच्या झग्याच्या वाट्याला तीच आली होती. ‘तक्रार नाही’ म्हणजे गुडघा ठणकतोय. ‘याहून वाईट झालं असतं’ म्हणजे ट्रॅक्टर उलटलाय.

तिचे वडील गोठ्यात पडले तेव्हा त्यांनीही डॉक्टरला फोनवर फाइनच सांगितलं होतं. त्यांच्या दफनानंतरच्या जेवणाचं बटाट्याचं सॅलड आईने स्वतःच केलं, दुसऱ्या कुणाला त्रास नको म्हणून. तेव्हापासून आर्डिसचा या शब्दावर विश्वास नव्हता. मायलो जिना चढताना ती नळ बंद करून त्याचा श्वास ऐकायची.

मार्चमधल्या एका शनिवारी चर्चच्या तळघरात म्हाताऱ्या यालमारच्या दफनानंतरचं जेवण होतं. हॅमचे सँडविच, कॉफी, बायकांनी घरून आणलेल्या गोड वड्या. मायलो कॉफीचं मोठं भांडं उचलून आणत होता. स्वयंपाकघर कॉरिनच्या ताब्यात. ती म्हणाली, “मायलो, किती नाचशील? ही घे खुर्ची, बस जरा.”

आमच्याकडे पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की “छे, कशाला उगीच,” म्हणायचं. तिसऱ्यांदा कुणी आग्रह केला, तर “बरं, तुझं मन राखायला,” म्हणत घ्यायचं. खुर्ची असो, वडी असो, नाही तर बर्फात अडकलेली गाडी ओढायला दोर असो.

मायलो बसला. पहिल्याच बोलावण्याला.

“बघ गं आर्डिस, तुझा नवरा सुधारला!” कॉरिन हसली.

आर्डिसच्या हातातली बशी ओट्यावर आपटली. ती त्याच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “छातीत?”

“फाइन.”

हे फाइन तिच्या ओळखीचं नव्हतं. लांबवलेलं नव्हतं, झटकनही नव्हतं, पोकळ होतं. तिने गाडीची किल्ली मागितली. आजवर तिला कधीही न दिलेली किल्ली त्याने मुकाट्याने काढून दिली.

तालुक्याच्या इस्पितळापर्यंत रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पांढरी शेतं. ती बोलत राहिली, तो मान हलवत राहिला. कुणाची गुरं, कुणाचं नवं कोठार, कशावरही त्याने शेरा मारला नाही.

इस्पितळात नोंदणीच्या खिडकीपाशी नर्स होती क्रिस्टा. गावातलीच, एके काळी आर्डिसच्या हातचं जेवलेली. “काय होतंय, मायलो?”

“काही नाही गं. हॅम जरा जड झालं असेल.”

“एक ते दहा, किती दुखतंय?”

“दोन. उगीच कशाला, दीड म्हण.”

“आत एक अपघाताची केस आहे. थोडं थांबलात तर चालेल?”

आणि आर्डिसच्या तोंडून निघून गेलं, “हो हो, आम्हाला कसली घाई!”

शब्द बाहेर पडून गेले होते. कोण बोललं हे? आईच बोलली जणू. ती नवऱ्याशेजारी बसली. मायलो टोपीची कड बोटांनी चाचपत होता, जशी तो वासराच्या पायाची मोडलेली हाडं चाचपायचा. ओठांभोवती करडेपणा आला होता. उठावं तर चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं. समोर बसलेले ते लोक कॉरिनचे शेजारी. संध्याकाळपर्यंत गावभर होईल. न उठावं तर?

ती उठली.

“क्रिस्टा, त्याचं दोन म्हणजे दोन नाही.”

“आर्डिस, कळतंय मला, पण डॉक्टर एकच आहेत...”

“खाली बस गं,” मागून मायलो पुटपुटला. “शोभा करू नकोस.”

“शोभा तर शोभा!” तिचा आवाज इतका चढला की समोरच्या बाईने विणकाम थांबवलं. “क्रिस्टा, ऐक. आज कॉरिनने याला खुर्ची दिली. एकदाच विचारलं. हा बसला.”

क्रिस्टाने मान वर केली. “पहिल्यांदाच विचारल्यावर?”

“पहिल्यांदाच. गाडीची किल्लीही दिली.”

क्रिस्टा परत काही विचारत बसली नाही. तिने चाकांची खुर्ची ओढली आणि आतल्या दिशेने हाक मारली. मायलो त्या खुर्चीतही निमूट बसला.

हृदयाची एक रक्तवाहिनी पार बंद, दुसरी अर्धी. मनगटातून बारीक नळी घालून बंद असलेली तिथल्या तिथे उघडली. डॉक्टर तरुण होता, बाहेरगावचा. तो म्हणाला, आजची रात्र लक्ष ठेवू, आता त्याने काय होतंय ते स्पष्ट सांगायला हवं. आर्डिसला हसूही आलं आणि रडूही.

संध्याकाळी मायलो शुद्धीवर होता. चेहरा लहान झाला होता, टोपी नव्हती. तिच्याकडे न बघता म्हणाला, “सगळ्यांसमोर ओरडलीस.”

“ओरडले.”

त्याने चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाला, “आर्डिस, दुखतंय.”

ती खुर्चीतून उठली. हा शब्द तिने त्याच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. थोडं दुखतं तेव्हा तो असा म्हणतो, की फार दुखतं तेव्हा? हे लांबवलेलं होतं का? नळी घातली तिथलं दुखणं, की पुन्हा तेच? तिच्यापाशी याचं काहीच माप नव्हतं.

तिने घंटीचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. कुणी येईना. तेव्हा ती काढून ठेवलेले बूट न घालताच बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये धावली आणि मोठ्याने ओरडली, “कुणी आहे का? लवकर या!”