त्रेचाळिसाव्या पानावरची आई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, पुढं जमेल की नाही सांगता येत नाही. गाढवपणा सगळेच करतात. पण मी जो केला ना, तो चष्मा पुसून, पेन्सिलीला टोक काढून केला!

मी इथं बेंगळुरातच एका सरकारी कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो. माप केसभर चुकलं की मारला लाल शिक्का, रिजेक्ट! रिटायर झालो तरी हात शिवशिवतोच. जेवताना पोळी उजेडात धरून बघतो, तर आमची सुनंदा ओरडते, "अहो, पोळी आहे ती, वॉशर नाही!"

तर अण्णा. आमच्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. मूळचे निपाणीकडचे आणि हाडाचे कवी. कवितासंग्रह चार, वाचणारेही साधारण तेवढेच! पण तरुणपणी त्यांनी कुठल्याशा बर्फाळ देशाच्या राष्ट्राध्यक्षाचं चरित्र लिहिलं आणि ते काय खपलं म्हणता! गरिबाघरचं पोर थेट राष्ट्राध्यक्ष होतं, कुणाला आवडणार नाही? सीमाभागातल्या शाळांत मास्तर ते वर्गात वाचून दाखवायचे.

आता अण्णा शहाऐंशीचे. पुस्तक कुठंच मिळत नाही आणि अण्णांना विसरायला होतंय. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. एक दिवस मला बोलावलं आणि जवळची शेवटची प्रत हातात ठेवली.

"पुन्हा छापून दे की रे. मोठ्या टायपात. त्यातलं एक पान मला एकदा माइकवर वाचायचंय. डोक्यात आहे तोवर. मग विसरलो तरी चालेल. स्वल्प घाई कर."

कुठलं पान, असं मी विचारलं का? नाही विचारलं! छाती पुढं काढून म्हणालो, "अण्णा, सगळं माझ्यावर सोडा."

सोडलं बिचाऱ्यांनी.

छापायच्या आधी तपासायला नको? लायब्ररीतून त्या राष्ट्राध्यक्षाची तीन जाडजूड इंग्रजी चरित्रं आणली आणि बसलो. सनावळ्या ठीक, गावांची नावं ठीक. आणि आलं पान त्रेचाळीस.

पोरगं बारा वर्षांचं. पहाटे कामासाठी घर सोडून निघालंय. आई त्याच्या निळ्या शर्टाचं फाटलेलं कोपर शिवतेय. निळा दोरा संपलाय, म्हणून लाल दोऱ्यानं. पोरगं कुरकुरतं, लोक हसतील म्हणतं. आई म्हणते, "दिसू दे लाल. गर्दीत मला लगेच सापडशील." आणि ते लाल कोपर दिसेनासं होईपर्यंत ती दारात उभी राहते.

आणि तिन्ही चरित्रांत काय? आई तो तीन वर्षांचा असतानाच वारली!

"सुनंदा, सापडली! चूक सापडली! मेलेल्या बाईनं शर्ट शिवलाय!"

"अण्णांना विचारा आधी," ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? कवी माणूस, लिहिताना वाहवत गेला. मी त्यांची अब्रू वाचवतोय!"

पान रिजेक्ट. पुढं शपथ घेताना त्याचा हात कोपराकडे जातो, तेही रिजेक्ट. भरल्या सभेत तो गर्दीत कुणाला तरी शोधतो, तेही रिजेक्ट. टाइप मोठा केला तरी पुस्तकाचा आकार वाढवून पानं जुन्याच क्रमांकांची ठेवली होती; आता त्रेचाळीसवर जागा रिकामी राहिली, तिथं मी काय टाकलं असेल? त्या देशाचा नकाशा! खाली स्केलसकट! सगळं नव्यानं टाइप झाल्यावर सुटी केलेली जुनी पानं रद्दीत घातली आणि माल चिकपेटच्या छापखान्यात पोचता केला. त्या दिवशी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं मी.

प्रकाशन समारंभाला इथल्या मराठी मंडळाचा हॉल भरला. पहिल्या रांगेत हेब्बाळहून आलेल्या माळगी बाई होत्या, सीमाभागातल्या शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. मला म्हणाल्या, "दरवर्षी वर्गात ते पान वाचायचे आणि दरवर्षी रडायचे. आज दोन रुमाल आणलेत."

मी मनात म्हटलं, सनावळ्या वाचून रडतात? असतात एकेक हळवी माणसं.

अण्णा माइकपाशी गेले. पांढरा सदरा, हातात नवंकोरं पुस्तक. पान उघडलं. नकाशा. एक पान मागं गेले, मग पुढं, पुन्हा नकाशा. बोटाला थुंकी लावून परत पहिल्यापासून.

"इथंच होतं..." ते पुटपुटले. मग कसंनुसं हसून लोकांना म्हणाले, "मी लिहिलंच नव्हतं वाटतं. माझ्याच डोक्याचा घोळ."

मी बसून राहावं की नाही? छे! धावत स्टेजवर गेलो, माइक ओढला. "अण्णा, डोकं तुमचं शाबूत आहे! ते पान मी काढलं! साफ चूक होतं ते. त्याची आई तो तीन वर्षांचा असतानाच गेली. मी तीन-तीन पुस्तकांत तपासलंय!"

आणि टाळ्यांची वाट बघत उभा राहिलो. खोटं कशाला बोलू?

माळगी बाई रुमाल हातात घेऊन नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले. "हा म्हणतो ते बरोबर आहे. त्याला आई नव्हती." पुस्तक मिटलं आणि खुर्चीत जाऊन बसले.

परतताना ऑटोत मी विचारलं, "रागावलात का अण्णा?"

"नाही रे. पण ती माझी आई होती." ते बाहेर बघू लागले. "मी निपाणी सोडून इथं नोकरीला निघालो, तेव्हा शिवला होता तिनं शर्ट. पुन्हा गावी गेलो तर ती नव्हती. तिच्यावर कविता काही केल्या जमली नाही बघ. चार संग्रह झाले, एकातही ती नाही. मग नेऊन त्याच्या घरात बसवली. त्याला आई नव्हती, मला तिला ठेवायला जागा नव्हती."

मी ऑटोवाल्याला उगीचच रस्ता सांगत बसलो.

रद्दी केव्हाच गेली होती. माळगी बाईंच्या पाया पडलो, त्यांची जुनी प्रत आणली. तेवढा मजकूर वेगळा छापून घेतला. वर शीर्षक काय द्यायचं? शुद्धिपत्र! बरोबर पुस्तकाला चुकीचं शुद्धिपत्र लावणारा अख्ख्या जगात मी एकटाच असेन. मी आणि सुनंदा खळ घेऊन बसलो आणि एकेका प्रतीतल्या नकाशावर ती आई चिकटवत गेलो. चिकटवलेलं प्रत्येक पान सुनंदा उजेडात धरून बघत होती.

या सगळ्यात दोन महिने गेले. तोवर अण्णांनी अंथरूण धरलं होतं. पहिली प्रत घेऊन गेलो, तर त्यांनी मला नमस्कार केला, परक्याला करतात तसा. मी उशाशी बसून त्रेचाळिसावं पान वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. "छान लिहिलंय," म्हणाले. "कुणाची आई ही?"

"तुमची, अण्णा."

त्यांनी आठवून बघितलं. खूप वेळ बघितलं.

"नाही हो. मी नाही ओळखत. त्या राष्ट्राध्यक्षाची असेल." आणि मग लहान मुलासारखं काळजीनं विचारलं, "त्याला होती ना आई?"

मी पुस्तक मिटलं.

"होती, अण्णा," मी म्हणालो. "नक्की होती. मी स्वतः तपासलंय."