केसरमावशीची दोरी

दिघीच्या कोळीवाड्यातली केसरमावशी पिकअप घेणार म्हटल्यावर गाडीवेडे तिच्या ओट्यावर जमले. तीस वर्षं सुक्या मासळीची टोपली डोक्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत नेऊन तिची मान आखडली होती. गाडी दारात आली तरच तिला उपयोग.

"मावशे, घ्यायची तर माझ्यासारखी मोठी घे," भाचा विनेश म्हणाला. "छोटी म्हंजे खेळणं हाय!"

"खेळणं? म्हसळ्याच्या चढाला तुजीच धापा टाकते!" भिकू टेम्पोवाला उसळला. मग इंजिन, स्प्रिंगचे पाटे, मायलेज यांवरून तासभर कल्ला चालला.

मावशीने कनवटीची जाळ्याची दोरी काढली. सकाळीच तिने आपल्या बोळाची रुंदी मापून दोरीला गाठ मारली होती. दोघांना रस्त्यावर नेऊन तिने ती विनेशच्या गाडीला आडवी लावली. गाडीची दुसरी कड यायच्या आतच गाठ आली.

"आरसे मिटले की जाईल गो!"

"आरसे मिटशील, तिचं पोट कसं मिटशील?"

भिकूच्या छोट्या गाडीला मात्र दोरी चार बोटं उरली.

महिन्याभराने मावशीची तसलीच नवी गाडी घेऊन भिकू बोळात शिरला. बायका ओट्यांवर चढून ओरडत होत्या, "घे, घे, आजून घे!" शेजारच्या गोदूआजीने कोंबडी काखेत मारून पाय वर घेतले. गाडी थेट मावशीच्या दारात थांबली.

मावशीने सवयीने पदर खोचला, चुंबळ ठेवली, टोपली डोक्यावर घेतली आणि तिसऱ्याच पावलाला गाडीपाशी पोचली.

"अगो बाय, संपली पन वाट?" म्हणत ती हसतच सुटली.