होडीच्या आडून

माझ्या नातीच्या शाळेत आठवड्यातून एकदा शिकवलेला कुत्रा आणतात. वाचताना अडखळणारी मुले त्याच्याशेजारी बसून त्याला धडा वाचून दाखवतात. नातीने हे सांगितले तेव्हा मी नुसता "बरं" म्हणालो. पुढे बोलणे जमले नाही, म्हणून लिहितो.

माझी धाकटी बहीण तिसरीत होती आणि मी सातवीत. मालवणजवळच्या आमच्या वाडीत मुंबईहून आलेली पत्रे लोक माझ्याकडून वाचून घेत. बहिणीचे मात्र पुस्तक उघडले की पहिल्याच शब्दाला ओठ अडत. मी रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायचो आणि मनापासून प्रत्येक चूक दाखवायचो. शेवटी वडील म्हणाले, "सहामाहीक गुरुजींच्या फुडे वाचूक इला तर शाळा. नाय तर आवशीवांगडा टोपली घेवंदे." आवशीवांगडा म्हणजे आईबरोबर; आई बाजारात मासे विकायची.

पावसाळ्यामुळे होड्या वर ओढून माडाच्या विणलेल्या झापांनी झाकलेल्या होत्या. आमच्या होडीच्या आडोशाला एक तांबूस कुत्रा पडलेला असे. तो कुणाचाच नव्हता. एका उघडिपीच्या दुपारी मी तिकडून येत होतो, तर जाळे सांधत बसलेले काका कुणाला तरी म्हणत होते, "काय गो, ह्यो कुत्रो चवथीत जातलो आणि तू ऱ्हवतलस तिसरीत."

"जावंदे," बहिणीचा आवाज आला. "तो मधी बोलणा नाय."

काका हसत उठून गेले. मी होडीच्या अलीकडेच बसलो. पलीकडे ती वाचू लागली, आणि मला खरे वाटेना. आवाज बारीक होता, पण अडत नव्हता. पूर्णविरामाला ती नीट थांबायची, तेवढ्यात कुत्र्याच्या अंगावर थोपटल्याचा आवाज यायचा. तीन दिवस मी असा चोरून ऐकत होतो. इतका आनंद मला माझ्या पहिल्या नंबरानेही दिला नव्हता.

चौथ्या दिवशी तिची एक ओळ गळली. मी होडीच्या आडून म्हणालो, "मधली ओळ सुटली."

पलीकडे वाचन थांबले. कुत्रा वळसा घालून आला, माझे पाय हुंगले आणि शेपूट हलवू लागला. मी उठून पाहिले तेव्हा ती पुस्तक छातीशी धरून घराकडे चालली होती.

सहामाहीला तिने गुरुजींपुढे पुस्तक उघडले. ओठ हलले, आवाज आला नाही. मी वडिलांना सांगितले, "तिका येता, मी आयकलंय." ते कामाचे दोन तास मोडून माझ्याबरोबर किनाऱ्यावर आले, हे मी विसरणार नाही. आम्ही होडीमागे उभे राहिलो. ती कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. पुस्तक मांडीवर मिटलेले होते. बराच वेळ वाट पाहून वडील म्हणाले, "चल, कामां आसत."

त्या रात्री मी तिला म्हटले, "माका वाचून दाखय. मी कायएक बोलूचंय नाय."

"तू आयकूक बसणस नाय," ती म्हणाली. "चुको काढूक बसतस."

दिवाळीनंतर तिने टोपली घेतली. मी हायस्कुलात गेलो, मग कॉलेजात. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. तिच्या आणि आईच्या टोपल्यांवर मी शिकलो, आणि हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगत आलो आहे. होडीची गोष्ट मात्र कधी सांगितली नाही.

बी.ए.च्या वर्षी सुट्टीत घरी आलो तेव्हा आईला विचारले, "माझी पत्रां कोण वाचता?"

"तीच वाचता," आई म्हणाली. "पयली घेवन जाता थंय होडीकडे, कुत्र्याक वाचून दाखयता. मगे येवन आमका तोंडान सांगता."

तो जुना कुत्रा तोवर राहिला नव्हता. हा दुसरा होता, काळा. दुसऱ्या दिवशी ती शेजारणीला मुलाकडून आलेले पत्र घेऊन किनाऱ्याकडे जाताना दिसली. मी दारातून दोन पावले पुढे गेलो आणि तिथेच थांबलो. तिथून फक्त लाटा ऐकू येत होत्या.