अर्धा वाटा गुंडीचा

शिंपीकाका कमी बोलायचे, कारण त्यांच्या ओठांत दिवसभर टाचण्या असायच्या. गिऱ्हाईक आलं की मानेनंच हो आणि मानेनंच नाही. माझं इस्त्रीचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून, मध्ये फक्त एक फळ्यांची भिंत. त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू यायचं, म्हणजे बहुतेक वेळा नुसतं मशीनच. काकी गेल्या आणि माणूस आणखीच मिटला. मुलगा परदेशात. रविवारी त्याचा फोन यायचा. तब्येत बरी ना, पैसे हवेत का, बरं ठेवतो. संपलं! माझं डोकं तडकायचं, पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारा मी कोण?

टाचण्या तोंडातून निघायच्या त्या चहाच्या वेळी, आणि त्याही गुंडीसाठी. गुंडी म्हणजे त्यांची कुत्री, तपकिरी आणि ठेंगणी. ती मशीनच्या पायाशी चिंध्यांवर पसरलेली असायची. काकांच्या बशीत जे येईल त्यातलं अर्धं तिचं, हा नियम. तेव्हा मात्र काकांची जीभ सुटायची. “त्या वकिलाची पँट परत सैल करायचीय बघ. माणूस फुगतोय आणि दोष माझ्या शिवणीला!” गुंडी शेपूट हलवायची. भिंतीच्या अलीकडे मी हसायचो.

एकदा मुलानं डबा पाठवला. मॅकाडेमिया नावाचा महागडा सुकामेवा, गोल आणि पांढरट दाणे. काकांनी एक दाणा या गालातून त्या गालात फिरवला आणि बाहेर काढला. “दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर दात नाहीत. खा बाई तूच, पोरानं पाठवलंय.” त्या दिवशी अर्ध्याचा नियम मोडला. सगळी मूठ गुंडीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर काका लोहचुंबक घेऊन जमिनीवर रांगत होते. गुंडी कोपऱ्यात थरथरत पडली होती. उलट्या झालेल्या. पुढचे पाय टेकवून उठायला बघायची, पण मागचे पाय येतच नव्हते.

“हिनं टाचणी गिळलीय रे! माझ्याच तोंडातून पडली असणार.”

“अहो काका, पोटात गेलेली टाचणी जमिनीवर कशी सापडेल?” मी खेकसलो. गुंडीला चादरीत गुंडाळलं, गाडी केली आणि दोघांनाही जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी पोटाचा फोटो काढला. टाचणी नव्हतीच. “काल हिनं काय खाल्लं?”

“माझ्यातलंच. पाव, आणि मुलानं पाठवलेला मेवा.” काकांनी खिशातून एक दाणा काढून दाखवला.

“काका, हा माणसांना चालतो, कुत्र्यांना विषासारखा बाधतो. मागच्या पायांतलं बळ जातं, अंग तापतं, थरथरतं. का ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत उभी राहतात. पण असं झालं की शोधाशोध करत बसायचं नाही, लगेच आणायचं.” बाईंनी सुई टोचली. “हिच्याकडे लक्ष ठेवायला घरी आणखी कोण आहे?”

काकांनी गुंडीकडेच बोट केलं. “आम्ही दोघंच.”

त्यांनी दुकान बंद ठेवलं आणि घरात तिच्याजवळ बसून राहिले. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाले, “मीच माझ्या हातानं घातलं रे. ही गेली तर मी बोलू कुणाशी?” खरं सांगतो, मला त्या घरात बसवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुंडी उठली. झिंगल्यासारखी दोन पावलं आली, बसली, परत उठली आणि काकांच्या मांडीवर डोकं टाकून मोकळी झाली. म्हातारा ढसाढसा रडला.

मग त्यांनी आपणहून मुलाला फोन लावला. हात गुंडीच्या पाठीवर होते, म्हणून फोन मी धरला होता. आवाज मोठा केलेला.

“अरे, तो मेवा परत पाठवू नकोस हं. गुंडीला बाधला. पाय गेले होते बिचारीचे.”

मग मुलानं विचारलं, “बाबा, गुंडी कोण?”

“आपली कुत्री.”

“आपण कुत्रं कधी पाळलं?”

काकांनी तिच्या कानामागे खाजवलं. “झाली सहा-सात वर्षं,” ते म्हणाले. “सांगायचं राहूनच गेलं.”