बांधापलीकडची फवारणी

रेशमाच्या अळ्या मला कधीच आवडल्या नाहीत. गार, मऊ, पायांनी बोटाला धरून बसणाऱ्या. पण दिंडोरीकडच्या आमच्या गावात वाटणी झाली तेव्हा द्राक्षाची बाग थोरल्या दिरांकडे गेली आणि आम्हाला तिच्या बांधालगतचा मोकळा तुकडा आला. नवरा सातपूरला कंपनीत कामाला. मग मीच तुती लावली, पत्र्याची शेड उभी केली आणि अळ्या आणल्या. दीर पारावर बसून म्हणाले, "आमच्या घरची सून किडे पाळती." लोक हसले. हे मला जावेनेच सांगितलं, तीही हसतच.

अळी घरी येते तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढी असते. खाते, मग मान वर करून गप्प बसते आणि कात टाकते, कारण अंग वाढतं पण कातडी वाढत नाही. कात टाकली की पुन्हा खायला सुरुवात. शेवटच्या कातीनंतरची भूक मात्र वेगळीच. जन्मभरात जेवढा पाला खायचा त्यातला बहुतेक ती त्या आठवड्यात खाते. पाणी पीत नाही; ओल मिळते ती पाल्यातूनच. पोट म्हणजे तोंडापासून शेपटीपर्यंत एक सरळ नळी. नको ते काळ्या कणांनी खाली पडतं, हवं ते अंगाला लागतं आणि त्यातलाच मोठा भाग रेशमाच्या दोन पिशव्यांत साठतो. पुढे कोषातून निघणारं पाखरू तर काहीच खात नाही. अळीने खाल्लेलं तेच त्याला मरेपर्यंत पुरतं. म्हणून त्या दिवसांत पाल्याला काही होऊन चालत नाही.

हे मी दिरांना आधीच सांगितलं होतं.

"दादा, कीटकनाशक मारायचं असलं की आदल्या दिवशी सांगा. मी पाला कापून ठेवीन."

"तुझ्या किड्यांला इचारून फवारू का मी?"

"विचारू नका, नुसतं सांगा."

"वारा काय माझ्या बापाचा नाय," ते म्हणाले आणि ट्रॅक्टर चालू केला.

छाटणीनंतर द्राक्षाला फुटवे आले होते. दिरांनी न सांगता फवारलं, त्या दिवशी मी नाशिकला दवाखान्यात गेले होते. परत आले, घाईने बांधाकडच्या ओळीतल्या फांद्या कापल्या आणि शेडच्या एका बाजूच्या रॅकवर टाकल्या. पाल्याला वास नव्हता. दुसऱ्या बाजूच्या अळ्यांना सकाळीच कापून ठेवलेला पाला दिला, एवढंच नशीब.

सकाळी शेड उघडली तर एका बाजूला खाण्याचा करकर आवाज आणि दुसरी बाजू मुकी. तिथल्या अळ्या मान उचलून इकडून तिकडे हलवत होत्या. तोंडातून हिरवं पाणी येत होतं. काही आखडून अर्ध्या झाल्या होत्या. खाल्लेलं पोटात तसंच होतं, त्याचं काहीच होणार नव्हतं. मला रडू आलं नाही. ज्या अळ्यांना हात लावताना मी तोंड वाकडं करायचे, त्या दोन्ही ओंजळींनी ट्रेमध्ये भरल्या आणि बांध ओलांडून गेले.

दीर ओट्यावर जेवत होते. मी ट्रे त्यांच्या ताटासमोर ठेवला.

"हे काय?"

"तुम्ही काल फवारलेलं."

"उचल ते. जेवतोय मी."

"त्याही जेवतच होत्या."

त्यांनी पायाने ट्रे ढकलला. अळ्या ओट्यावर सांडल्या. जाऊ दारात उभी होती. मी ट्रे तिथेच सोडून परत आले. संध्याकाळी नवरा म्हणाला, "उगाच गेलीस. भाऊबंदकीत राहायचंय आपल्याला." त्या रात्री मी त्याला जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

अर्ध्या अळ्या खड्ड्यात पुरल्या. उरलेल्यांनी कोष केले, चांगले टणक केले. मग मी बांधाकडच्या तुतीच्या ओळी मुळासकट काढून तिथे फवारा अडवायला उंच वाढणारं गवत लावलं. जमीन माझी गेली, त्यांची नाही. याचा राग अजून आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीच्या सासरी, सायखेड्याकडे, रेशीम करायचं ठरलं. दीर पहिल्यांदा माझ्या शेडच्या दारात आले. आत अळ्या खात होत्या. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले.

"लय खातात," ते म्हणाले.

मी फांद्या टाकत राहिले.

"पोरीला जरा सांगशील का, कसं करायचं ते?"

"सांगीन. पण तिला आधी विचारा, तिच्या शेजारच्या बांधाला कोण आहे."

ते बांधाकडे निघून गेले. पुतणीचा मात्र फोन आला आणि मी तिला सगळं शिकवलं: चुना कधी मारायचा, कात टाकताना पाला का द्यायचा नाही, अंग पिवळसर होऊन खाणं थांबलं की कोष करायला चंद्रिकेच्या जाळीवर कसं सोडायचं. तिचा पहिला माल चांगला झाला. दिरांनी माझ्याकडे पेढे पाठवले. मी डबा न उघडता जावेच्या हाती परत दिला.