खंडारे मॅडमची अट

पाहुण्यांनी प्रोजेक्टर सुरू केला की खंडारे मॅडम खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ करून बसत. "चित्र सगळ्याइचेच चांगले राह्यते, बाबू. मले बोलणाऱ्याचं तोंड पाहू द्या."

अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयात त्या राज्यशास्त्र शिकवत. प्रवेशापासून निकालापर्यंत विद्यार्थ्यांची सगळी माहिती ठेवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, तेव्हा निवड समितीचं अध्यक्षपद ज्येष्ठतेने त्यांच्याकडे आलं. मी सदस्य झालो, कारण मला ईमेलला फाइल जोडता येत होती.

तीन कंपन्या आल्या. तिघींकडे आकडेवारीची रंगीत वर्तुळं होती आणि प्राचार्यांना लग्नाच्या पंगतीत बसूनही हजेरी पाहता येण्याची सोय होती. मॅडमची अट एकच: "आमची उज्ज्वला याच्यात घुसवून दाखवा."

उज्ज्वलाचं पहिलं वर्ष अकोल्यात झालं होतं, त्यातला एक विषय राहिला होता. मग लग्न, नवं आडनाव, भातकुलीचं सासर आणि आमचं महाविद्यालय. आता ती शेवटच्या वर्षाला होती. यंदा बी.ए. झाली नाही तर शिक्षण बंद, असं सासऱ्यांनी सांगून ठेवलेलं. आणि परीक्षेचा अर्ज यंदापासून नव्या सॉफ्टवेअरमधूनच जाणार होता.

पुण्याचे साहेब हसले. "मॅडम, अशी केस आमच्या सिस्टिममध्ये येतच नाही."

"आमच्या वर्गात आली न भाऊ. बसून राहिली तिथं. तिले काय सांगू, तू येतच नाहीस म्हणून?"

नागपूरच्या कंपनीने उज्ज्वलाला घेतलं, पण प्रथम वर्षात. "लग्न करून पोरगी लहान झाली," मॅडम म्हणाल्या. अकोल्याचा तरुण मात्र रुमालाने मान पुसत म्हणाला, "सध्या होत नाही, मॅडम. करून देतो. थोडा वेळ द्या."

"याले घाम फुटला. यालेच घ्या."

पण प्राचार्यांनी तोवर घोटाळा केला होता. आमच्याकडे बाहेरचा माणूस शाल-श्रीफळाशिवाय परत जात नाही. त्यांनी पुण्याच्या साहेबांचा सत्कार केला आणि महाविद्यालय डिजिटल झाल्याची बातमी फोटोसह छापून आली.

"सत्कार केलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, मॅडम?" ते खरोखर हवालदिल झाले होते.

"उरलेल्या दोघाइचाही करून टाका, सर. मंग तिघंही सारखे."

तसे दोन सत्कार आणखी झाले. समितीच्या कामातला तेवढाच भाग पूर्ण निःपक्षपाती होता. काम अकोल्याला मिळालं.

त्याचा 'थोडा वेळ' अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत लांबला. उज्ज्वला रोज कार्यालयाच्या खिडकीशी येऊन विचारायची, "झालं का, सर?" मी रोज नवं कारण द्यायचो. मॅडमच्या निवृत्तीचाही तोच आठवडा होता, पण निरोपाच्या भाषणाची वेळ विचारायला गेलेल्याला त्या म्हणाल्या, "पोरीचा अर्ज होऊ द्या आधी. मी काही पळून नाही चालली."

शेवटच्या दुपारी पडद्यावर उज्ज्वला उमटली. नवं आडनाव, अकोल्याचे गुण, राहिलेला विषय, सगळं जागेवर. अर्ज गेला. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आम्हीही वाजवल्या.

मॅडमनी पर्स उचलली आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या उज्ज्वलाला म्हणाल्या, "इथं काय पाहून राहिली? घरी जाय, अभ्यास कर. थो काही हे मशीन करून देत नाही."