माणगावात पळणारं, बोर्लीत अडणारं कार्ड

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, मग चहा नाकात गेला तर मी जबाबदार नाही. असला गाढवपणा केलाय मी, की बोर्लीच्या बाजारातून अजून मान खाली घालून जातो.

तुम्हाला ठाऊक आहे, मी एसटीचा रिटायर ड्रायव्हर. अख्ख्या नोकरीत गाडीला एक ओरखडा नाही! घोणसे घाटात धुकं असो की समोरून रेतीचा डंपर अंगावर येवो, गाडी जशी नेली तशी डेपोत आणून लावली. तर मी घरी बसून सगळ्यांवर चिडचिड करतोय म्हणून मुलानं पनवेलहून त्याचा जुना कॉम्प्युटर पाठवला. त्यात बस चालवायचा गेम. हातात स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक. म्हटलं, हे तर आपलंच काम!

पहिल्याच वळणाला बस गटारात.

आणि हे बघायला हजर कोण असावं? इब्राहिमभाई! माझ्या गाडीवरचे कंडक्टर. रिटायर झाले तरी रोज संध्याकाळी चहाला येतात.

"तौबा! ड्रायव्हरसाहेब, इतकी वर्षं गाडी तुमी चालवत होताव, का अल्लामियाँ?"

लागलं हो मनाला! मी म्हटलं, "अहो, चित्र बघा ना! अडखळतंय. वळण येतं तेव्हा थांबून राहतं, आणि पुढचं दिसतं तोवर गाडी गटारात. यात माझा काय दोष?"

"व्हय, व्हय," म्हणाले, आणि उठून बाजारभर सांगून आले. दुसऱ्या दिवशी भाजीवाली मला विचारते, "काका, बस काढली का गटारातनं?"

आता सांगा, माणसानं गप्प बसावं का?

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, चित्र भराभर काढायला ग्राफिक्स कार्ड लागतं. एखादं मधलं घ्या. फार भारी नको, फार हलकं नको."

मधलं म्हणजे कुठलं? बसलो मोबाईलवर व्हिडिओ बघत. एक म्हणतो लाल खोक्यावाल्या कंपनीचं घ्या, दुसरा म्हणतो हिरवीचंच घ्या, लाल घेणारे रडतात. एक म्हणतो कार्डाची मेमरी आठ जीबी भरपूर, दुसरा म्हणतो आठ घ्यायचं तर घेऊच नका, बारा पाहिजे. आणि सगळ्यांत शहाणा म्हणतो, थोडे थांबा, आणखी चांगलं येतंय! अरे, मी कार्ड बघतोय की मुलीला स्थळ?

आमची ही आतून म्हणाली, "अवो, खऱ्या बसनं पोट भरलं न्हाय व्हय तुमचं?"

ऐकतो कोण! कॉम्प्युटरचा डबा गोणपाटात गुंडाळला, एसटीत खिडकीच्या सीटवर बसवला आणि निघालो माणगावला, जिग्नेशभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात.

"काका, आठवालं पुष्कळ छे," जिग्नेशभाई म्हणाले. "तुम्हाला बस चालवायची ने? विमान थोडंच उडवायचंय?"

हिरव्या कंपनीचं मधलं कार्ड त्यांनी डब्यात बसवलं आणि त्यांच्या पडद्यावर गेम लावून दाखवला. काय चित्र हो! झाडाचं पान न् पान दिसत होतं. मी तिथल्या तिथे दोन कटिंग मागवले.

घरी आलो. वायरी मी स्वतःच जोडल्या. त्यात काय कठीण? पडद्याची वायर पहिल्यापासून ज्या भोकात होती, त्याच भोकात घातली. डब्याच्या मागे खालच्या बाजूला काही नवी भोकं दिसली, त्यांना रबरी टोपणं होती. म्हटलं, बघा, दुकानदाराला किती काळजी! आपली खारी हवा आत जाऊ नये म्हणून टोपणंसुद्धा दिली. मी ती आणखी दाबून घट्ट केली. डबा भिंतीला लावला आणि गेम सुरू केला.

चित्र अडखळलं. बस गटारात.

परत गोणपाट, परत एसटी, परत माणगाव. दुकानात लावलं, तर पळतंय! घरी आणलं, तर अडतंय!

"जिग्नेशभाई, तुमच्या दुकानात पळतं आणि माझ्या घरी आलं की याला लकवा मारतो. हा काय प्रकार आहे?"

"तुमच्याकडे लाईट वीक हशे, काका."

म्हणून स्टॅबिलायझर घेतला. काही उपयोग नाही. मग मी ओरडलो, गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, आणि कार्डच बदलून मागितलं. बिचाऱ्यांनी तोंड वाकडं करून हिरवं काढलं आणि लाल कंपनीचं घातलं. तेही दुकानात पळालं. तेही बोर्लीत अडलं. आणि रोज संध्याकाळी इब्राहिमभाई चहाचा घोट घेत विचारायचे, "आज कुठल्या गटारात?"

ही तर एकदा सरळ म्हणाली, "आता तुमी न् ह्यो डबा, दोगं पन एसटीतच ऱ्हावा. निदान घरात शांतता तरी हाय."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा जिग्नेशभाई लबाड आहे! दुकानात काहीतरी कळ दाबून ठेवतो आणि आपल्याला फसवतो. आता जातो आणि सगळ्या बाजारासमोर त्याची अब्रूच काढतो. चप्पल पायात घातलीसुद्धा.

"थांबा, ड्रायव्हरसाहेब," इब्राहिमभाई म्हणाले. "भांडायच्या आधी मला जरा बघू द्या."

पडद्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. टेबल पुढे ओढलं आणि गेले थेट डब्याच्या मागे. सवयच ती! गाडी रिव्हर्स घेताना मी पुढे बसायचो आणि हे खाली उतरून मागे उभे राहायचे, "येऊ द्या, येऊ द्या" करत. अख्ख्या नोकरीत मागचं बघायचं ते यांनी. मला कधी गरजच पडली नाही.

मागून आवाज आला, "ड्रायव्हरसाहेब, पडद्याची वायर तर जुन्याच भोकात हाय. नवं कार्ड खाली हाय, त्याच्या तोंडाला टोपी घातलीय. रोजा ठेवलाय काय यानं?"

मला आधी कळेचना. मग कळलं. वायर त्या कार्डाला जोडायची होती! म्हणजे हिरवं आलं, लाल आलं, स्टॅबिलायझर आला, चार माणसांत मी जिग्नेशभाईंना वाट्टेल ते बोललो, आणि दोन्ही कार्डांनी माझ्या घरात येऊन एक चित्रसुद्धा काढलं नव्हतं. इतकी लाज वाटली म्हणून सांगू! मी मुकाट्यानं चप्पल काढून ठेवली.

इब्राहिमभाईंनी टोपण काढलं, वायर घातली. चित्र आलं आणि काय सांगू, दुकानात होतं त्याहून झकास! ही हात पुसत बाहेर आली. इब्राहिमभाई खुर्ची ओढून बसले आणि तोंडानंच "टिंग टिंग" केलं.

मी ताठ बसलो. म्हटलं, आता बघा ड्रायव्हर कशाला म्हणतात! बस निघाली. रस्ता स्वच्छ. पाट्या स्वच्छ. वळण लांबूनच दिसलं. वळणावरचं गटारही दिसलं, अगदी त्यातल्या पाण्यासकट. मी गिअर टाकला, ब्रेक दाबला, स्टिअरिंग फिरवलं...

बस गटारात. कुठेही न अडखळता, कशी अलगद गेली.

 हीच आधी म्हणाली, "ह्या टायमाला लय साफ दिसली हां पडताना."

इब्राहिमभाई हळूच माझ्याकडे वळले. मी घसा खाकरला.

"इब्राहिमभाई," म्हटलं, "ती वायर जरा पहिल्या भोकात घाला पाहू."